चाइल्ड सेफगार्डिंगच्या कामात यायचंय? माझा पुण्यातला अनुभव

महिन्याभरात तीन जणींनी विचारलं की ताई तुम्ही नेमकं काय करता, म्हणून एकदाच लिहून टाकते. शाळा, हॉस्टेल, डान्स क्लास, स्पोर्ट्स अकॅडमी, एनजीओ, जिथे जिथे मुलं येतात तिथल्या लोकांना पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, काय काय करणं बंधनकारक आहे ते सांगायचं आणि ते खरंच होतंय का हे अधूनमधून जाऊन बघायचं. मी कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू केलं, पण या कामात लॉवाल्या आहेत, सायकॉलॉजीवाल्याही आहेत. डिग्री कुठलीही चालेल, पॉक्सोची कलमं १९ आणि २१ मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत.

कारण पहिल्या मीटिंगला ट्रस्टी हमखास म्हणतात, "आधी आपण आतल्या आत शहानिशा करू, मग बघू." सगळं घोडं इथेच अडतं. कलम १९ मध्ये शहानिशा नाहीच्चे, गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती जरी वाटली तरी पोलिसांना कळवायचं, आणि हे मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला लागू. नाही कळवलं तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर १ वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे, हे लोकांना माहीतच नसतं म्हणून ते आधी सांगायचं, शिक्षेचं नंतर, नाहीतर समोरचा माणूस घाबरून ऐकायचाच बंद होतो. २०२२ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका शाळेच्या हॉस्टेलच्या केसमध्ये डॉक्टरांवरचा न कळवल्याचा गुन्हा हायकोर्टाने रद्द केला होता, तो सुप्रीम कोर्टाने परत उभा केला. ट्रस्टींपुढे हे सांगितलं की मीटिंगचा सूरच बदलतो.

दुसरा घोळ पॉशचा. कोथरूडला एका क्लासमध्ये मालक म्हणाले, "आमची कमिटी आहे ना मॅडम." आहे हो, पण ती २०१३ च्या पॉश कायद्याची, कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी. १८ वर्षांखालच्या मुलाची तक्रार तिच्यापुढे ठेवून हिअरिंगा घेत बसायच्या नसतात.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्हीही कराल. फील्डवर्कला वस्तीतल्या अभ्यासिकेत होते तेव्हा ७-८ वर्षांचा एक मुलगा पेन्सिलला टोक करता करता म्हणाला, "ताई, तो दादा म्हणतो हे आपलं सीक्रेट, कुणाला सांगितलं तर क्रिकेटला घेणार नाही." मी त्याला पाच-सहा प्रश्न विचारले, कधी, कुठे, अजून कोण, आणि तो गप्पच झाला. वर रजिस्टरमध्ये काय लिहिलं तर 'बालकाने गैरवर्तनाची तक्रार केली'. सुपरवायझर मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे त्याचे शब्द आहेत का तुझे?" त्याच संध्याकाळी पोलीस स्टेशनला कळवलं, पण ते वाक्य अजून डोक्यात आहे. मूल बोललं की ऐकायचं, त्याच्याच शब्दात तारीख-वेळ टाकून लिहायचं, खोदून विचारायचं नाही, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर अजिबात द्यायचं नाही कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

पुढची प्रोसेसही पाठ हवी. "शाळेत पोलिसांची गाडी येणार का" या भीतीने मुख्याध्यापिका रात्र रात्र झोपत नाहीत, त्यांना सांगायचं की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी असते, युनिफॉर्म घालून येत नाहीत, आणि पोलिसांनाही २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं.

स्टाफच्या पोलीस व्हेरिफिकेशनची फाईल उघडाल तेव्हा शिक्षकांचे कागद बघण्यात वेळ घालवू नका, ते असतातच. व्हॅनवाले काका, कँटीनवाला, शनिवारी येणारा कराटेचा सर, यांचे मागा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत कंत्राटी माणसंही येतात आणि हे ठरावीक काळाने परत परत करायचं असतं.

पैशांचं विचाराल तर सुरुवातीला फार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी जागा निघतात, त्यावर लक्ष ठेवा, आणि फंडरला संस्थेची बालसंरक्षण पॉलिसी हवी असते म्हणून एनजीओंकडून कामं येतात. त्यांना पीडीएफ हवी असते, आपण ट्रेनिंगही गळ्यात मारायचं, आणि ट्रेनिंगला मावशींना पुढच्या रांगेत बसवायचं. एकदा विचारलं, पोरगं बाथरूमला जायला घाबरतंय तर काय कराल? सगळा स्टाफ पॉलिसीची पानं चाळत बसला आणि मावशी म्हणाल्या, "आधी त्या बाथरूमपाशी कोण उभं राहतंय ते बघीन, आन् मोठ्या बाईंना त्याच दिवशी सांगीन."

निघताना मी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि जवळच्या पोलीस स्टेशनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ऑफिसच्या फोनशेजारी चिकटवते. सहा महिन्यांनी एका ठिकाणी गेले तर कागद दिसेना. स्नेहसंमेलनाच्या पोस्टरखाली होता. पोस्टर काढलं, परत चिकटवला आणि मग चहा घेतला.