सोसायटीच्या गच्चीवर सोलर: खजिनदार काकूंचा अनुभव

चेंबूरला आमच्या गच्चीवरून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते. तिथे आजही कोळसा जळतो आणि त्याच विजेवर आमची लिफ्ट चालते. पालिकेने मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा काढला. त्यातल्या 2019 च्या हिशोबाप्रमाणे शहराच्या कार्बन उत्सर्जनात ऊर्जावापराचा वाटा 72 टक्के, आणि वीज बहुतेक सगळी कोळशाची. म्हणून गॅस सोडून इंडक्शन घेतलं की झालं, असं मुंबईत म्हणता येत नाही. धूर तुमच्या स्वयंपाकघरातून उठून माहुलला, म्हणजे त्या वीजकेंद्राच्या बाजूला जातो, एवढंच. आधी वीज बदलायला हवी.

सुरुवात बिलापासून करा. घरचं नाही, सोसायटीच्या कॉमन मीटरचं. बारा महिन्यांची बिलं काढा. आमची वीस घरं, एक लिफ्ट, एक पंप, जिन्यातले दिवे, मिळून महिन्याला साधारण 900 युनिट. एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे आम्हाला आठ किलोवॉट पुरे. किलोवॉटला शंभरेक चौरस फूट उन्हाची जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते सकाळी नऊला आणि दुपारी चारला स्वतः वर जाऊन बघा, ठेकेदाराच्या कागदावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात वीज फार कमी मिळते, हे सभासदांना आधीच सांगून टाका, नाहीतर जुलैत तुमची खैर नाही.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग पॅनेलच्या आधी. आम्ही उलटं केलं. स्टँडचे पाय जुन्या थरावर ठोकले आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात पाणी. इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करावंच लागतं, त्याच इंजिनियरला पॅनेलच्या वजनाबद्दल विचारून लेखी घ्या.

खरी लढाई सर्वसाधारण सभेत असते. आमच्याकडे विरोध पैशांवरून झाला नाही, पापडांवरून झाला. "वाळवण घालायचं कुठे?" यावर चाळीस मिनिटं गेली. शेवटी लिफ्टच्या खोलीकडची बाजू पॅनेलला, पूर्वेकडचा पट्टा पापड-कुरडयांना, असं ठरावातच लिहिलं. ठरावात किलोवॉट, अंदाजे खर्च, पैसे कुठल्या फंडातून आणि सही कोण करणार हे चारही हवं.

मग अर्ज 'पीएम सूर्यघर' या केंद्र सरकारच्या गच्ची-सोलर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे. आठ किलोवॉटचे 1,44,000. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच घ्या, नाहीतर अनुदान विसरा. वीज कंपनी घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर लावते. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.

गच्चीच नसेल तर? 2021 पासून राज्यात कुठल्याही ग्राहकाला युनिटमागे थोडे जास्त पैसे भरून हरित वीज, म्हणजे ऊन-वाऱ्यासारख्या स्रोतांची वीज, मागता येते. वीज कंपनीकडे तसा अर्ज करायचा. यात पॅनेल नाही, गळती नाही, पापडही सुरक्षित.

स्वतःचं झालं की पालिकेकडे वळा. 2050 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण, हे तिचंच उद्दिष्ट, आणि 2024-25 पासून ती क्लायमेट बजेटही काढते, म्हणजे हवामानाच्या कामांवरचा खर्च वेगळा दाखवते. उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं, मग महापालिकेच्या शाळेची गच्ची रिकामी का? नुसतं "सोलर लावा" असं पत्र फाइलमध्ये झोपतं. शाळेचं नाव, गच्चीचा अंदाजे आकार लिहा आणि क्लायमेट बजेटमधून आपल्या वॉर्डात कोणत्या इमारतींसाठी किती रक्कम ठेवली, ते माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक प्रत नगरसेवकाला द्या. आणि आवक विभागात पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका; शिक्का झेरॉक्सवर घ्यायचा, मूळ प्रत त्यांच्याकडे.