बडोद्यातील बाग: मृगापासून वैशाखापर्यंतची निगा

बडोद्यात बाग राखताना ऋतूआधी जमिनीचा विचार करावा. येथील काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून अंगणातली झाडे तहानेपेक्षा मुळांशी साचलेल्या पाण्यानेच अधिक दगावतात, असे माझे ठाम मत आहे.

त्यामुळे पहिले काम पाऊस लागण्यापूर्वीचे. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा, आणि चार-पाच तासांनंतरही त्यात पाणी दिसले तर निचरा अपुरा आहे असे समजून वाफे वीतभर उंच करावेत व कडेने चर काढावेत. अशा मातीत थोडीशी वाळू मिसळल्याने काहीच साधत नाही. भरपूर कुजलेले शेणखत किंवा पाल्याचे खत मिसळले, तरच ती भुसभुशीत होते. कुंड्या विटांवर ठेवून तळाची भोके मोकळी आहेत ना, हेही पाहावे.

पावसाळ्यात नवी लागवड करावी, जास्वंदीची गुटी बांधावी (म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे ओले शेवाळ बांधावे, की झाडावरच मुळे फुटतात) आणि तण वेळच्या वेळी उपटावे.

नवरात्राच्या सुमारास, पाऊस पूर्ण उघडल्यावर, गुलाबाची छाटणी करावी. प्रथम वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. मग उरलेल्या जोमदार फांद्या निम्म्यापर्यंत उतरवाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या कळीच्या, किंचित वर, तिरपा आणि धारदार कात्रीने घ्यावा, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते आणि झुडपाच्या मध्यभागी हवा खेळते. कापांवर बोर्डो मलम (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) लावून खत द्यावे. साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येऊ लागतात.

मोगऱ्याचे मात्र वेगळे. डिसेंबरअखेर त्याचे पाणी कमी करावे, जानेवारीत छाटणी करून खत घालावे आणि नंतरच पाणी पुन्हा वाढवावे; ही विश्रांती मिळालेले झाड चैत्रात भरभरून फुलते. कित्येक जण दयेपोटी थंडीतही त्याला रोज पाणी घालतात आणि पाने तेवढी मिळवतात.

होळीनंतर आळ्यांत दोन-तीन इंच वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे. फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नये. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवलेल्या कमाटीबागेतील जुन्या वृक्षांखाली एप्रिलच्या दुपारी उभे राहिल्यास सावलीचे मोल कळते, तेव्हा नाजूक कुंड्या मोठ्या झाडाखाली किंवा हिरव्या जाळीखाली हलवाव्यात. पाणी पहाटे द्यावे, पण त्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड) दिसताच तो भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा पातळ साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. भर वैशाखात छाटणी आणि रासायनिक खत दोन्ही टाळावे.