मासाई लोकांमध्ये हवामान न्यायाचं काम: केनियातल्या दोन वर्षांत मी काय शिकले

सोशल वर्क किंवा पर्यावरण शिकणारी बरीच मुलंमुली मला विचारतात की ताई, आफ्रिकेत मासाई लोकांसोबत काम करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

मी दोन वर्षं केनियातल्या काजियाडो काउंटीत होते. नैरोबीच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेपर्यंत पसरलेला हा भाग, आणि माझी संस्था अगदी छोटी, तिथल्याच लोकांनी चालवलेली. काम कागदावर एका ओळीचं होतं: मासाई पशुपालकांमध्ये हवामान न्यायाबद्दल (हवामान बिघडवलं कुणी आणि भोगतंय कोण, ह्याचा न्याय) जागृती करणं. मी माणदेशातली, चारा छावण्या बघत मोठी झालेली, त्यामुळे मला वाटायचं की दुष्काळ मला कळतो. मी पोचले नोव्हेंबर २०२२ मध्ये. ऑक्टोबर २०२० पासून ओळीनं चार पावसाळे कोरडे गेले होते आणि पाचवाही कोरडाच चालला होता (तिथे वर्षाला दोन पावसाळे, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा). सीमेवरच्या नामांगा गावाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना गाईंचे सांगाडे पडलेले, काहींवर कातडं अजून तसंच ताणलेलं. त्या दुष्काळात केनियात २४ लाखांहून जास्त जनावरं गेली. मी छावण्या पाहिल्यात पण असं कधी पाहिलं नव्हतं, पहिले आठ दिवस मला धड जेवण गेलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते आधीच सांगते. तिथे जाऊन दुष्काळ शिकवू नका. हवामान बदलतंय हे त्या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुठला झरा कुठल्या वर्षी आटला, कुठलं गवत उगवायचं बंद झालं हे म्हातारी माणसं बोटावर सांगतात. पावसाचा अंदाज ते आकाशातल्या ताऱ्यांवरून, झाडांच्या बहरावरून बांधतात. कृत्तिकांना त्यांच्यात वेगळं नाव आहे आणि मोठ्या पावसाचा हंगाम त्याच नावाशी बांधलेला आहे, आपल्याकडे मृग आणि हत्ती जसे, अगदी तसंच. त्यांना माहीत नसतं ते वेगळंच. हे कुणामुळे होतंय, त्याबद्दल आपण कुणाकडे काय मागू शकतो, आणि ते मागायचं टेबल कुठल्या ऑफिसात आहे. जागृती करायची तर ती ह्याची.

हे मला सहज कळलं नाही. माझ्या सुरुवातीच्या बैठका मी स्वाहिलीत, म्हणजे केनियाच्या राष्ट्रभाषेत घ्यायचे आणि माझा दुभाषा, तिथलाच विशीतला पोरगा, ते मा भाषेत सांगायचा. मा ही मासाईंची स्वतःची भाषा. स्वाहिलीत हवामान न्यायाला म्हणतात ‘हाकी या ताबियांची’. ताबियांची म्हणजे देशाचा स्वभाव, म्हणजेच हवामान, आणि हाकी म्हणजे चक्क आपला हक्क, अरबीतून दोन्हीकडे गेलेला एकच शब्द. मला फार आनंद झाला होता की चला, शब्द तरी आपल्या घरचा निघाला. तीन महिने मी गावोगाव हाकी हाकी म्हणत फिरले, लोक शांतपणे ऐकायचे, माना डोलवायचे. एका बैठकीनंतर एक आजी जवळ आल्या आणि त्यांनी विचारलं की मका कधी येणार. मी म्हटलं कुठला मका? तर म्हणाल्या, तुम्हीच सांगताय ना इतके दिवस की मदत येणार आहे. मग कळलं की पोरगा ‘हाकी’ला दर वेळी ‘मदत’ म्हणत होता. त्याची चूक नव्हती, त्याच्या आयुष्यात बाहेरून गाडी घेऊन आलेला प्रत्येक माणूस मदतच घेऊन आला होता, त्यामुळे माझं सगळं बोलणं त्याच्या कानाला तसंच लागत होतं. चूक माझी, मी एकदाही कुणाकडून माझं बोलणं उलट भाषांतर करून ऐकलं नव्हतं. तीन महिने मी उपाशी घरांना अन्नाची आशा लावत होते हे आठवलं की अजूनही पोटात कालवतं. म्हणून नव्या माणसाला पहिलं काम हेच सांगते, तिसऱ्याच कुणालातरी बसवा, तो मा मध्ये ऐकेल आणि आपण काय बोललो ते परत आपल्याला सांगेल. पहिल्या बैठकीच्या आधीच करा.

योग्य शब्द शेवटी आम्हाला एका म्हाताऱ्या बाबांनी दिला. मासाईंकडे घरापाशी एक कुरण राखून ठेवतात, ओलोपोलोली म्हणतात त्याला, वासरांसाठी आणि आजारी जनावरांसाठी, सुकाळात तिथे मोठी जनावरं सोडायची नाहीत. कुणी सोडलीच तर ज्येष्ठांची बैठक बसते आणि दंड होतो, दंड जनावरातच द्यायचा. मी त्यांना सांगत होते की कारखाने, विमानं, कोळसा वगैरे, केनियातला माणूस वर्षाला अर्ध्या टनापेक्षा कमी कार्बन सोडतो आणि अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. बाबा बराच वेळ काठी जमिनीवर टेकवत बसले आणि मग म्हणाले की म्हणजे वरचं ओलोपोलोली दुसऱ्यांच्या जनावरांनी खाल्लं आणि उपाशी आमची वासरं मेली, मग दंड कुणी ठरवला? बस, त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक बैठक ह्याच प्रश्नानं सुरू केली. नुकसानभरपाईच्या निधीची गोष्टही इथूनच निघते. २०२२ साली इजिप्तमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत तो मान्य झाला आणि पुढच्या वर्षी दुबईत त्याचं काम सुरू करायचं ठरलं. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात दंड किती आणि भरला का. खरं उत्तर द्या, की जे कबूल झालं ते नुकसानीच्या मानानं फारच थोडं आहे.

आणि तुम्ही भारतातून आलाय म्हटल्यावर आणखी एक प्रश्न हमखास येणार, तुमचा देश किती सोडतो? मला तो दुसऱ्याच आठवड्यात आला. एकूण धरलं तर आपण जगात तिसरे, माणशी बघितलं तर दोन टनांच्या आसपास. दोन्ही आकडे सांगा, एकच सांगू नका, लोकांना लपवाछपवी लगेच कळते.

विज्ञान सांगायचं तर थोडकंच पण पक्कं सांगा. २०२३ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं अभ्यास करून सांगितलं की माणसानं वाढवलेल्या तापमानामुळे असा दुष्काळ पडायची शक्यता किमान १०० पटींनी वाढली. पाऊस कमी पडला हे एक, पण वाढलेल्या उष्णतेनं जमिनीतलं आणि गवतातलं पाणी उडून गेलं हे त्याहून मोठं. तव्यावर शिंपडलेल्या पाण्याचं उदाहरण मी द्यायचे, पटकन कळायचं. मात्र देवाशी भांडायला जाऊ नका. एंकाई हा त्यांचा देव आणि पावसाला, आकाशालाही तोच शब्द, त्यामुळे ‘पाऊस माणसानं बिघडवला’ हे वाक्य काही ज्येष्ठांना फार जड जातं. मी ते वाक्य सोडून दिलं, जमीन तापलीय एवढंच म्हणायचे.

पण सगळं हवामानावर ढकलू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. मासाईंचा दुष्काळाशी लढायचा खरा उपाय म्हणजे हलत राहणं, गवत जिथे तिथे जनावर. आपल्या धनगरांचे वाडे पावसाळा संपला की कोकणाकडे उतरतात त्यातलं शहाणपण हेच. तो उपायच शंभर वर्षं कापला जातोय. १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी त्यांना रिफ्ट व्हॅली आणि लायकिपियाच्या चांगल्या कुरणांवरून हलवून दक्षिणेला आणलं, मासाईंनी १९१३ मध्ये कोर्टात दाद मागितली तीही फेटाळली गेली. स्वातंत्र्यानंतर १९६८ च्या कायद्यानं सामूहिक कुरणांची नोंद झाली, पुढे काजियाडोत त्यांचे तुकडे पडून खाजगी प्लॉट झाले, कुंपणं आली. म्हाताऱ्यांना हा इतिहास तोंडपाठ आहे आणि तुम्हाला तो माहीत नसेल तर ते तुमच्याशी मनातलं बोलणार नाहीत. जाण्याआधी हे वाचून जा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

वेड्या बाभळीची ओळखही तिथे झाली, म्हणजे पुन्हा झाली. आपल्याकडे माळावर माजलेली तीच वेडी बाभूळ, तिकडे तिला मथेंगे म्हणतात, वाळवंट थांबवायला म्हणून लावली आणि चराऊ जमीन गिळून बसली. केनियातल्याच बारिंगो भागातल्या मा बोलणाऱ्या इलचामुस लोकांनी त्यावर सरकारविरुद्ध केस केली आणि शेंगा खाऊन दात पडलेली शेळी कोर्टात आणून उभी केली. ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगायचे. कुणाच्या तरी ‘उपाया’नं नुकसान झालं तर जाब विचारता येतो, आणि तो आपल्यासारख्याच लोकांनी विचारलाय, हे त्यातून कळतं.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पर्यटकाच्या परवानगीवर जाऊन काम किंवा संशोधन करू नका. संशोधन असेल तर नाकोस्टीचं (तिथला सरकारी विज्ञान आयोग) लायसन्स लागतं, त्यासाठी तिथल्या विद्यापीठाशी किंवा संस्थेशी जोडलेलं असावं लागतं. ते घेऊन काउंटी कमिशनरच्या ऑफिसात कळवायचं, मग तिथल्या चीफला भेटायचं (चीफ म्हणजे सरकारी माणूस), आणि मग ज्येष्ठांना. हा क्रम मोडलात तर बैठकीला कुणी येणार नाही. स्वाहिली तीन-चार महिने आधीच शिकायला घ्या, मराठी माणसाला ती परकी वाटत नाही, हवा हेवा, दुकान दुका, विमा बिमा, हिशोब हेसाबू. मा भाषेतलं निदान नमस्कार आणि आभार तरी यायलाच हवेत. लहान मुलं डोकं पुढे करतील, त्यावर हात ठेवायचा, तोच त्यांचा नमस्कार. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकीवर (एक पालेभाजी) छान निभतं, पण दुधाचा चहा दिला तर नाही म्हणू नका, दुष्काळात तो चहा म्हणजे त्या घरातलं असेल नसेल ते सगळं दूध असतं. आणि गाई किती आहेत हे विचारू नका. सर्व्हेच्या फॉर्मवर तो रकाना असतोच, आमच्याही होता, आम्ही तो काढून टाकला. जनावरं मोजणं अशुभ मानतात, शिवाय ज्याची ऐंशीतली सात उरलीत त्याला आकडा विचारणं हे माणुसकीचं नाही.

बायकांची बैठक वेगळी घ्या. झाडाखालच्या मोठ्या बैठकीत पुरुष उभे राहून बोलतात, बायका बाजूला बसून ऐकतात, आणि रिपोर्टात ‘महिलांचा सहभाग’ म्हणून त्यांची डोकी मोजली जातात. त्यांचं बोलणं ऐकायचं तर दुपारी मणी ओवायला बसतात तिथे जायचं, शांत बसायचं, जमलं तर मणी ओवायला घ्यायचे. दूध हा तिथे बाईचा अधिकार, काढायचं तिनं, वाटायचं तिनं, उरलं तर विकायचं तिनं. दुष्काळात पुरुष जनावरं घेऊन दोनशे-दोनशे किलोमीटर लांब जातात आणि घरी बाई, पोरं, म्हातारे राहतात, दूध नाही, पैसा नाही, पाणी दिवसाच्या चालीवर. मेलेल्या जनावरांची नोंद होते, बाईच्या हातून गेलेल्या दुधाची कुठेच होत नाही. आमच्या गटानं ती नोंद ठेवायला घेतली. शिकलेली एखादी मुलगी रोज लिहायची, आज किती शेर दूध, पाण्याला किती वेळ, शाळेत कोण गेलं नाही. २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये उलटं झालं, पूर आले, तेव्हाही ती वही चालू होती.

ह्या वहीचा उपयोग झाला वॉर्डच्या हवामान समितीत. केनियानं २०१६ मध्ये हवामान बदलाचा कायदा केला आणि आता फ्लोका नावाच्या कार्यक्रमातून पैसा काउंटीपर्यंत येतो, खालच्या पातळीवर वॉर्डच्या समित्या आहेत, काय हवं ते लोकांनी सांगायचं अशी रचना आहे. लोकांना हे माहीतच नसतं. आम्ही बायकांना घेऊन त्या बैठकीला गेलो तेव्हा तिथला एक अधिकारी म्हणाला की तुमचं नाव यादीत नाही. आम्ही बाहेर ओट्यावर बसून राहिलो, दुपारी आत घेतलं. पाण्याच्या टाकीची मागणी नोंदवली गेली. मी परत येईपर्यंत टाकी झाली नव्हती, पण मागणीला नंबर आहे आणि तो नंबर त्या बायकांकडे आहे.

शेवटचं, आणि सध्याचं सगळ्यात गरम प्रकरण, कार्बनचे करार. कंपन्या येतात, सांगतात तुमची चराई आमच्या पद्धतीनं करा, मातीत कार्बन साठेल, तो विकून तुम्हाला पैसे देऊ, आणि करार ३० वर्षं किंवा त्याहून लांबचे. २०२३ च्या दुरुस्तीनं जमिनीवरच्या प्रकल्पात खर्च वजा जाता कमाईचा किमान ४० टक्के वाटा समाजाला द्यायचा असं कायद्यात आलंय. हे कलम लोकांना सांगणं हे माझ्या मते ह्या घडीचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. करार चांगला की वाईट हे तुम्ही ठरवू नका, फक्त तो त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचला जाईल एवढं बघा.

आम्ही असा एक मसुदा बायकांच्या गटात वाचला. वर्षांच्या कलमावर सगळ्या थांबल्या, ३० वर्षं म्हणजे नक्की किती? मासाईंमध्ये पुरुषांचे वयोगट असतात, साधारण पंधरा वर्षांचा एक. एकीनं बोटं मोजली, म्हणाली दोन वयोगट. दुसरी म्हणाली म्हणजे हा माझ्या मांडीवरचा मोरान (तरुण योद्धा) होऊन, म्हातारपणाकडे लागून, मग कागद सुटणार. तिसरीनं विचारलं की दुष्काळ पडला तर मधे जनावर हलवता येईल का, कुठे लिहिलंय ते दाखव. आम्ही चौदा पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली, नव्हतं लिहिलेलं. त्यांनी कंपनीच्या माणसाला निरोप धाडला की मा भाषेतली प्रत घेऊन ये आणि हलण्याचं कलम घालून आण, तोपर्यंत अंगठा नाही.