थेट प्रक्षेपणातील दृश्ये मिडी कंट्रोलरने कशी हाताळावीत

माउसने एका वेळी एकच गोष्ट हलवता येते आणि तीही पडद्यावरची नजर न काढता. गाण्याच्या बैठकीचे थेट प्रक्षेपण करताना गायकाकडे पाहत पार्श्वभूमीचे दृश्य सावकाश मंद करायचे असेल, तर बोटाखाली खरा फेडरच (वर-खाली सरकवायची खुंटी) हवा. त्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. कोर्ग कंपनीच्या नॅनोकंट्रोल २ या मिडी कंट्रोलरवर ८ फेडर, ८ नॉब आणि पुष्कळ बटणे असतात, आणि एका माणसाला तेवढी पुरून उरतात.

मिडी हे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्यासाठी १९८३ मध्ये आलेले मानक आहे. कंट्रोलरला चित्रातले काहीच कळत नाही; फेडर हलला की तो आपला क्रमांक आणि ० ते १२७ मधला एक आकडा पाठवतो, आणि त्या आकड्याचा अर्थ लावणे हे सॉफ्टवेअरचे काम असते. ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडीची अंगभूत सोय नसल्यामुळे तिथे प्लगइन (वेगळे जोडायचे पूरक सॉफ्टवेअर) लागते. म्हणून दृश्ये रेझोल्यूम या थेट दृश्ये हाताळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवावीत आणि ओबीएसकडे फक्त प्रक्षेपण सोपवावे, हे मला अधिक सोयीचे वाटते.

प्रथम कंट्रोलर जोडून रेझोल्यूमच्या प्रेफरन्सेसमधील मिडी विभागात तो इनपुट म्हणून सुरू करावा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एम या कळा एकत्र दाबल्या की जोडणीची अवस्था सुरू होते. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड दाबावी. मग पडद्यावरील हव्या त्या पट्टीवर क्लिक करून फेडर थोडा हलवावा. दोघांची गाठ पडते. चित्र ओबीएसकडे नेण्यासाठी मॅकवर सायफन आणि विंडोजवर स्पाउट ही एका सॉफ्टवेअरचे चित्र दुसऱ्याला देणारी साधने वापरतात. स्पाउटसाठी ओबीएसमध्ये वेगळे प्लगइन बसवावे लागते.

खरी अडचण पुढे येते. या कंट्रोलरचे फेडर स्वतःहून हलत नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअरमधील किंमत आणि फेडरची जागा यांत तफावत पडते. एका बैठकीत मी माउसने ऑपॅसिटी (चित्राची अपारदर्शकता) पूर्ण केली होती आणि फेडर मात्र तळाशीच राहिला होता. ख्याल ऐन रंगात आलेला असताना त्याला बोटाचा नुसता धक्का लागला आणि पार्श्वभूमी क्षणात काळी झाली. यावर उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ‘पिकअप’ किंवा ‘सॉफ्ट टेकओव्हर’ची सोय असल्यास ती चालू करणे, मग फेडर जुन्या किमतीवरून जाईपर्यंत चित्र हलत नाही. ती नसेल, तर प्रक्षेपणाआधी प्रत्येक फेडर एकदा तळापासून टोकापर्यंत नेऊन आपल्या जागी आणावा आणि त्यानंतर त्या पट्ट्यांना माउस लावू नये.

दुसरी मर्यादा आकड्यांची आहे. १२८ पायऱ्या ऑपॅसिटीला पुरतात, परंतु १९२० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत एखादी प्रतिमा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायची झाली, तर एका पायरीला सुमारे १५ पिक्सेल येतात आणि ती उड्या मारत जाते. अशा वेळी फेडरला पूर्ण पल्ला न देता फक्त लागणारा भाग, उदाहरणार्थ मधले २०० पिक्सेल, नेमून द्यावा. मग एक पायरी दीड पिक्सेलवर येते. रंगछटेच्या नॉबलाही हाच नियम लावावा, नाहीतर गायकाचा चेहरा हिरवा व्हायला वेळ लागत नाही.

बटणांबाबत एकच सांगायचे. बटण दाबताना १२७ आणि सोडताना ० पाठवते की प्रत्येक दाबाला आलटून पालटून, हे कोर्गच्या एडिटर या सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे आलटून पालटून चालणारी पद्धत ठेवली, तर एका कामासाठी दोनदा दाबावे लागते. म्हणून ती सॉफ्टवेअरकडेच ठेवावी.

फेडरखाली मास्किंग टेपची पट्टी लावून त्यावर पेनाने नावे लिहावीत. अंधारात आठवणीवर विसंबू नये. विंडोजवर यूएसबीचे छिद्र बदलले की तोच कंट्रोलर कधीकधी नव्या नावाने दिसतो आणि सगळी जोडणी मुकी होते, त्यामुळे ज्या छिद्रावर तालीम केली, तेच बैठकीलाही वापरावे.