एका चलनाचे सगळे रंग एका ओळीत, तेही दुबार न येता

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून माल निघतो, तेव्हा संगणकात दर गठ्ठ्यामागे एक ओळ पडते. पार्टीला मात्र चलनामागे (मालासोबत जाणाऱ्या पावतीमागे) एकच ओळ हवी असते: रंग कोणते आणि एकूण नग किती. हे काम एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात होतं. इथे मायएसक्यूएल हा डेटाबेस धरला आहे. आज्ञा वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत लिहा.

समजा 'माल' या टेबलात ४१२ नंबरच्या चलनाच्या पाच ओळी आहेत:

४१२ | टॉवेल | मरून | ६०
४१२ | टॉवेल | बॉटल ग्रीन | ४८
४१२ | टॉवेल | मरून | ६०
४१२ | चादर | मरून | २४
४१२ | चादर | (नल, म्हणजे रंग भरलेलाच नाही) | १२

पायरी १: मूळ क्वेरी

सिलेक्ट चलन_क्र,
ग्रुप_कॉन्कॅट(डिस्टिंक्ट रंग ऑर्डर बाय रंग सेपरेटर ', ') ॲज रंग_यादी,
सम(नग) ॲज एकूण_नग
फ्रॉम माल
ग्रुप बाय चलन_क्र;

उत्तर येतं: ४१२ | बॉटल ग्रीन, मरून | २०४. 'ग्रुप_कॉन्कॅट' एका चलनाचे रंग एका ओळीत जोडतो, दुबार रंग गाळण्याचं काम 'डिस्टिंक्ट' करतो. 'ऑर्डर बाय' कंसाच्या आतच हवा. तो बाहेर लिहिला तर चलनं क्रमाने लागतात, पण यादीतले रंग कसेही येतात. 'सम'मध्ये मात्र डिस्टिंक्ट चुकूनही घालू नका. ६० नगांचे दोन गठ्ठे हे खरोखर दोन गठ्ठे आहेत. डिस्टिंक्ट त्यातला एक खाऊन टाकेल आणि बेरीज १४४ दाखवेल.

पायरी २: रिकाम्या जागा आणि फसवे रंग

रंगाच्या रकान्यात 'नल' असेल तर ग्रुप_कॉन्कॅट तो आपोआप वगळतो. पण रिकामी स्ट्रिंग वगळत नाही, मग यादी स्वल्पविरामानेच सुरू होते. रंगाच्या आधी एक स्पेस पडली असेल तर तो डेटाबेसच्या लेखी वेगळाच रंग ठरतो. म्हणून कंसात नुसतं 'रंग' न लिहिता नलइफ(ट्रिम(रंग), '') लिहा आणि आतल्या ऑर्डर बायमध्येही तेच वापरा. ट्रिम कडेच्या स्पेस काढतो, नलइफ रिकाम्या स्ट्रिंगचा नल करतो. ट्रिम फक्त साधी स्पेस काढतो. एक्सेलमधून चिकटवलेल्या मजकुरात टॅब किंवा न तुटणारी स्पेस येते, ती रिप्लेसने वेगळी काढावी लागते.

पायरी ३: एकाच वस्तूची दोन नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं एकाच गोडाऊनमध्ये नोंदी करतात. एक जण 'मरून' लिहितो, दुसरा 'मरुन', तिसरा 'मॅरून'. प्रकारातही 'चादर' आणि 'चद्दर' शेजारी शेजारी दिसतात. देवनागरीची आणखी एक अडचण आहे: 'ॲ' हे अक्षर एका कोडनेही लिहिता येतं आणि 'अ'ला वर चंद्र जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसच्या लेखी ते वेगळे असू शकतात. डिस्टिंक्ट अक्षरं ताडून पाहतो, अर्थ त्याला कळत नाही.

यावर उपाय म्हणजे 'रंग_कोश' नावाचं छोटं टेबल. त्यात दोन रकाने ठेवा, 'लिहिलेला' आणि 'खरा'. ते लेफ्ट जॉइनने जोडा (म्हणजे कोशात नसलेल्या रंगाची ओळही गळत नाही) आणि यादीत कोलेस(खरा, रंग) वापरा: 'खरा' सापडला तर तो, नाहीतर लिहिलेलाच रंग येतो. 'लिहिलेला' या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे एक नाव दोनदा पडू न देणारी अट, हवीच. तिथे 'मरुन' दोनदा पडला, तर मालाची त्या रंगाची प्रत्येक ओळ दुप्पट होते आणि बेरीजही फुगते.

पायरी ४: दुसरं टेबल जोडताना

हीच चूक ट्रान्सपोर्टच्या बाबतीत तर हमखास होते. ४१२ नंबरच्या मालाच्या दोन बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) निघाल्या आणि 'बिल्टी' टेबल सरळ जोडलं, तर मालाच्या पाच ओळींच्या दहा होतात. रंगांची यादी तरीही अगदी बरोबर दिसते, कारण डिस्टिंक्टने दुबार झाकलेले असतात. नग मात्र २०४ ऐवजी ४०८ होतात. यादी बरोबर आहे म्हणून बेरजेवर विश्वास ठेवला जातो, आणि चुकीचं बिल जातं. त्यामुळे आधी 'माल' चलनानुसार गोळा करा, 'बिल्टी' वेगळी गोळा करा, दोन्ही सबक्वेरींतून (क्वेरीच्या आतल्या क्वेरींतून) चलनामागे एकेकच ओळ निघू द्या आणि मग त्या जोडा.

पायरी ५: यादी मध्येच तुटते का?

मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉन्कॅटची मर्यादा मुळात १०२४ बाइट असते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलंतसुद्धा, ३ बाइट घेतं. 'बॉटल ग्रीन'मध्ये अशी नऊ चिन्हं आणि एक स्पेस, म्हणजे २८ बाइट. स्वल्पविराम आणि स्पेस धरून ३०. एवढ्या लांबीची ३४ नावं मावतात, पुढचं नाव कापलं जातं. एरर येत नाही, फक्त वॉर्निंग पडते आणि ती सहसा कुणी पाहत नाही. क्वेरीआधी सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००; चालवा.

इतर डेटाबेसमध्ये

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये स्ट्रिंग_ॲग(डिस्टिंक्ट रंग, ', ' ऑर्डर बाय रंग) चालतं. डिस्टिंक्ट असताना क्रम त्याच रंगावर लावावा लागतो, दुसऱ्या रकान्यावर लावला की एरर येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्ट्रिंग_ॲग २०१७ पासून आहे, पण त्यात डिस्टिंक्ट चालत नाही; आधी सबक्वेरीत सिलेक्ट डिस्टिंक्ट चलन_क्र, रंग काढा, नग वेगळे मोजा. ओरॅकलचा लिस्टॲग १९सी पासून डिस्टिंक्ट घेतो. एसक्यूलाइटमध्ये डिस्टिंक्टसोबत स्वतःचा सेपरेटर देता येत नाही, नुसता स्वल्पविराम मिळतो.

तयार झालेली यादी टेबलात परत साठवू नका. उद्या एक गठ्ठा परत आला की ती खोटी ठरते, आणि 'मरून कुठल्या चलनांत गेला' हे शोधायला स्वल्पविराम फोडत बसावं लागतं. क्वेरीचा व्ह्यू (नाव देऊन जपलेली क्वेरी) करून ठेवा आणि चलन छापताना त्यातूनच वाचा.