आउटबोर्ड इंजिनाची घरची देखभाल : या चुका टाळा

खाडीच्या मध्यावर होडीच्या मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन बंद पडलं की माणूस आधी कव्हर उघडतो आणि हाताला लागेल तो स्क्रू पिळतो. थांबा. किल स्विचची, म्हणजे इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची, लाल दोरी जागेवर आहे का, गियर न्यूट्रलमध्ये आहे का आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, एवढं बघा. हा स्क्रू फार छळतो. इंजिन चालू होतं, पाच-दहा मिनिटं नीट पळतं, मग धाप लागल्यासारखं होऊन बंद. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा चपटा दिसला की समजायचं, टाकीत हवाच जात नाहीये. पहिल्या वर्षी मी याच्यापायी भर ओहोटीत कार्बोरेटर उघडून बसलो होतो. त्यातलं एक जेट (पेट्रोल मापात सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा) अजून खाडीच्या तळाशी असेल.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुका धुण्यातच होतात. कव्हरवर दोन बादल्या ओतणं म्हणजे धुणं नव्हे, मीठ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या आतल्या वाटांत बसतं. पाणी खेचणाऱ्या जाळ्यांवर रबरी मफ (नळाचा पाइप जोडायच्या वाट्या) लावणार असाल तर आधी नळ सोडा, मग इंजिन चालू करा. थांबवताना आधी इंजिन, मग नळ. पंखा (प्रोपेलर) काढून ठेवलेला बरा, निदान कुणाला त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाजूला पाइप जोडायचं वेगळं तोंड असेल, तर बऱ्याच इंजिनांत ते इंजिन बंद ठेवूनच वापरायचं असतं. पुस्तिकेत बघून घ्या. आणि ‘आवाज कसा येतो बघू’ म्हणून कोरडं इंजिन फिरवू नका. पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, पाण्यावाचून काही सेकंदांत भाजतो.

मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर लगेच पंप खोलू नका. इंजिन बंद करून त्या छिद्रात जाड तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) तुकडा घाला. बरेचदा वाळू किंवा गाळ निघतो. तरीही धार नसेल, तर मात्र इंपेलर बघा. पाती वाकून तशीच राहिली असतील तर बदला. एखादं पातं तुटलेलं असेल तर तुकडा शोधून काढा, नाहीतर तो पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतो.

गियर ऑइल वरून ओतणारे पुष्कळ भेटतात. आत हवा अडकते आणि तेल भरल्यासारखं वाटतं. खालच्या छिद्रातून भरा, वरच्या छिद्रातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा; वॉशर नवे. जुनं तेल ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी शिरलंय. अशा वेळी पंखा काढून बघा. शाफ्टला गुंडाळलेला तंगूस सील कापतो, आणि आपल्याकडे जाळी-गळांची काय कमी! इंजिन जोरात ओरडतंय पण होडी सरकत नाही, तर दोष इंजिनात नसून बहुधा पंख्याला शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या रबरी बुशात असतो. छोट्या इंजिनांत पिन तुटलेली असते.

टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, मोटरसायकलचं टू-टी ऑइल घालू नका. टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाची खूण) लिहिलेलं घ्या. पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ असेल, तर पेट्रोलच्या लिटरला २० मिली तेल.

पेट्रोलचं दुखणं आता वाढलंय. पेट्रोल पंपावरच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, बहुतेक आउटबोर्डांची मर्यादा १० टक्के. शिवाय इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे गेल्या हंगामातलं पेट्रोल नव्यात मिसळून संपवायची काटकसर नको. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि पावसाळ्याआधी नळी काढून कार्बोरेटरचं भांडं रिकामं करा.

इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजावेत म्हणून बाहेरून लावलेले झिंकचे तुकडे रंगवू नका. रंगवले तर ते झिजत नाहीत आणि त्यांच्याऐवजी इंजिनाचं ॲल्युमिनियम झिजतं. निम्मे संपले की बदला. पावसाळ्यात इंजिन आडवं न ठेवता उभंच ठेवा, म्हणजे आतलं उरलंसुरलं पाणी गळून जाईल.