हायब्रिड गाडीची पीयूसी: सूट कुणाला, आणि तपासणीत इंजिन चालू ठेवायचं कसं

‘अर्धी इलेक्ट्रिकच आहे की, हिला कशाला पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र)?’ असं कुणी म्हटलं तर ते ऐकून सोडून द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ हायब्रिडला, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीला, वेगळं काढत नाही. पीयूसीतून कायमची सुटका आहे ती फक्त निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना. गाडीला पेट्रोलची टाकी असेल तर पीयूसी लागते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हायरायडर, ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो, होंडा सिटीची हायब्रिड, कॅमरी या सगळ्या त्यात आल्या. चार्जरला जोडायची प्लग-इन हायब्रिडसुद्धा आली. हिरवी नंबर प्लेट बॅटरीवाल्यांना मिळते, हायब्रिडला पांढरीच. तरीही शंका असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथं हायब्रिड शब्द आहे म्हणजे इंजिन आहे.

उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला (जी काही वेळ नुसत्या मोटरवरही चालते) नोंदणी करात सवलत दिली, तेव्हापासून ‘हायब्रिडला सूट’ हे शब्द सगळीकडे फिरतात. ती कराची गोष्ट, आणि तीही त्या राज्यातली. धुराच्या तपासणीशी तिचा संबंध नाही.

हायब्रिडला खरी सूट एकच, तीही सगळ्या नव्या गाड्यांना सारखी: पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष. वर्ष मोजायचं ते आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेपासून. पाडव्याला गाडी घरी आणून पूजा केली ती तारीख इथं चालत नाही. त्यानंतर बीएस-४ (धुराचा सरकारी दर्जा) आणि पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने. मुदत संपलेली सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. प्रमाणपत्र देशभर एकच असल्यामुळे एमएच-०९ ची गाडी निपाणीत अडवली तरी कोल्हापूरची पीयूसी चालते.

आता तपासणी. गाडी माइल्ड हायब्रिड असेल, म्हणजे ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल६ यांच्यातली ‘स्मार्ट हायब्रिड’, तर काम सोपं आहे. तिचं इंजिन साध्या पेट्रोल गाडीसारखंच उभ्या उभ्या फिरतं. फक्त सिग्नलला इंजिन बंद पाडणारी सोय डॅशवरच्या बटणाने बंद करा आणि नेहमीसारखी तपासणी करून घ्या. जुन्या सियाझ-अर्टिगाच्या डिझेल एसएचव्हीएस (मारुतीची माइल्ड हायब्रिड) गाड्यांची इतर डिझेलसारखीच एक्सलेटर दाबून धुराची तपासणी होते.

अडचण येते ती स्ट्राँग हायब्रिडला. पेट्रोल गाडीची तपासणी दोन टप्प्यांत असते. आयडलवर (एक्सलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आत लागतं. मग साधारण २५०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान. हे आकडे बीएस-४ आणि त्यापुढच्या चारचाकींचे. स्ट्राँग हायब्रिड मात्र ‘रेडी’ दिवा लागला तरी इंजिन चालू करेलच असं नाही. पी (पार्क) मध्ये उभी असताना एक्सलेटर दाबला तरी गप्प बसू शकते. मधेच इंजिन सुरू झालंच, तर बॅटरी भरली की नमुना घेता घेता बंद पडतं.

इंजिन बंद असताना नळी सायलेन्सरमध्ये घातली तर मशीन नुसती हवा ओढतं. कार्बन मोनॉक्साइड शून्य, हायड्रोकार्बन जवळजवळ शून्य, कार्बन डायऑक्साइड शून्य आणि ऑक्सिजन वीस टक्क्यांच्या वर दिसला, तर गाडी फार स्वच्छ आहे असं समजू नका. तपासणी झालेलीच नाही. नीट चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. पडद्यावर तो आकडा आधी बघा. शून्याचा कागद हातात घेऊन ‘पास झालो’ म्हणण्यात काही अर्थ नाही. रस्त्यावर अधिकाऱ्याने पुन्हा तपासायला लावली की खरं बाहेर येतं.

तपासणीआधी इंजिन तापवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) तीनेकशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत गर्दीतून गेलं तर निम्मा रस्ता मोटरवरच होतो, सायलेन्सर कोमट राहतो आणि हायड्रोकार्बन चढतं. कावळा नाक्यावरून महामार्गाला लागून गोकुळ शिरगावपर्यंत जाऊन या आणि थेट सेंटरवर गाडी घाला. रांग लांब असेल तर नंबर लावून मग फेरी मारा. पन्हाळ्यावरून किंवा जोतिबावरून उतरल्या उतरल्या मात्र तपासणीला जाऊ नका. उतारावर ब्रेकिंगने बॅटरी भरत येते, इंजिनाला काम नसतं आणि कन्व्हर्टर गार पडतो. पावसाळ्यात सायलेन्सरमधून पाणी गळणं थांबेपर्यंत नळी घालू देऊ नका. पाणी मशीनच्या फिल्टरमध्ये गेलं की आकडे बिघडतात.

एसी लावून बॅटरी उतरवायची आणि इंजिन आपोआप सुरू होण्याची वाट बघायची, ही युक्ती बऱ्याच ठिकाणी करतात. पण ते इंजिन बॅटरी भरण्याच्या भाराखाली चालतं, आयडलवर नव्हे. आणि कधी थांबेल ते आपल्या हातात नसतं. योग्य मार्ग म्हणजे कंपनीने दिलेला, इंजिन सतत चालू ठेवणारा मेंटेनन्स मोड. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये रूढ असलेली पद्धत अशी:

१. एसी आणि ईव्ही मोड (नुसत्या मोटरवर चालवायचा) बंद, हँडब्रेक लावलेला, गाडी पी मध्ये. जागा सपाट हवी, चाकाला अडण लावलं तर उत्तम.
२. ब्रेकवर पाय न ठेवता पॉवर बटण दोनदा दाबा. डॅश उजळेल, ‘रेडी’ लागणार नाही.
३. इथून पुढचं साठ सेकंदांत: पी मध्येच एक्सलेटर तळापर्यंत दोनदा दाबा. ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) मध्ये घ्या, पुन्हा दोनदा. परत पी मध्ये आणून आणखी दोनदा.
४. डॅशवर मेंटेनन्स मोडची सूचना दिसली की ब्रेक दाबून पॉवर बटण दाबा. इंजिन सुरू होऊन चालूच राहील.

सूचना आली नाही तर बहुधा वेळ संपलेली असते किंवा पेडल तळाला टेकलेलं नसतं. गाडी पूर्ण बंद करून पहिल्यापासून करा. मॉडेलप्रमाणे क्रम बदलू शकतो, होंडाची यंत्रणाही वेगळी आहे, म्हणून आपल्या गाडीचा क्रम सर्व्हिस सेंटरमधून एकदा लिहूनच घ्या. या मोडमध्ये गाडी हलवायची नाही, त्याने ट्रान्सॲक्सल (हायब्रिडचा गिअरबॉक्स) खराब होऊ शकतो. तपासणी झाली की पॉवर बंद केल्यावर मोड आपोआप जातो.

पुढचा घोळ आरपीएमचा. काही सेंटरवर आरपीएम मोजायला बॅटरीला चिमटे लावतात. ते यंत्र अल्टरनेटरमुळे होणारी विजेची थरथर मोजतं. स्ट्राँग हायब्रिडला अल्टरनेटरच नसतो, छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीवरून भरते, त्यामुळे आकडा येत नाही किंवा भलताच येतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाचे आकडे देणारा) जोडणारं उपकरण आहे का, हे आधी फोनवर विचारा. काही मॉडेलांत पेडल अर्धं दाबल्यावर इंजिन १५०० च्या आसपासच अडतं. पूर्ण दाबलं की वर जातं.

गरम इंजिनावरही नापास झाली तर आकडे वाचा. लॅम्डा १.०३ च्या वर आणि ऑक्सिजन जास्त असेल तर नळी पुरेशी आत नाही किंवा सायलेन्सरच्या जोडाला गळती आहे. नळी किमान ३० सेंटीमीटर आत हवी. नळी ठीक असेल तर उद्यमनगरात जोड बघून घेता येतो, मात्र मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना तिथं कुणाला हात लावू देऊ नका. हायड्रोकार्बन चढं असेल तर ऑइलचा वास घ्या. छोट्या फेऱ्यांत इंजिन तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि त्याची वाफ परत इंजिनात जाते. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर कमी झाले असले तरी वर्षाला बदला. दोन्ही टप्प्यांत कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर आधी एअर फिल्टर बघा, मग ऑक्सिजन सेन्सर.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये पेट्रोल चारचाकीच्या तपासणीचा दर १२५ रुपये झाला. जाताना आरसीशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो; जुन्या मालकाचा नंबर असेल तर तो आधी बदलून घ्या. नापास झालात तर नापासाची पावती मागून घ्या, दुरुस्तीवाल्याला तिच्यावरचे आकडे उपयोगी पडतात. पास झालात तर इंधनाचा प्रकार आणि नंबर प्लेटचा फोटो तिथंच तपासा. कागद हरवला तरी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक-अक्षरं टाकली की प्रत निघते.